काकांचं झाकण

फणसाचं लाकूड कापल्याचा गोडूस वास आला की माझं डोकं आजही फिरतं. एचएसआर लेआउट नावाच्या वस्तीतल्या एका गॅरेजात, लेथवर लाकूड कातणाऱ्या आम्हा हौशी लोकांचा क्लब रविवारी जमायचा. तिथला नियम असा, की डबी एकाने कातायची, झाकण दुसऱ्याने, आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. माझ्या जोडीला आले एक निवृत्त इंजिनिअर काका, बोलताना मधेच इथलं कानडी पेरणारे. माझ्या फणसाच्या डबीवर त्यांचं झाकण असं चपखल बसलं, की काढताना टुप्प आवाज यायचा. मी म्हणालो, "काका, आता बास." "स्वल्प घट्ट वाटतंय रे," म्हणत त्यांनी झाकण पुन्हा लेथवर चढवलं. "अहो, नको ना!" "सरी, सरी, बरं बाबा, एकच हात मारतो," असं म्हणत ते पॉलिश पेपर घासत राहिले आणि मी भुशात उभा राहून चरफडत राहिलो. परत बसवलं, तर झाकण डबीवर खुळखुळायला लागलं. "आता कसं मोकळं झालं!" काका खूश. ती डबी अजून माझ्या टेबलावर आहे आणि जरा धक्का लागला की झाकण खाली पडतं. बायको वैतागून म्हणते, "नवीन कर की, येतं ना तुला?" येतं. पण झाकण काकांचं आहे, आणि काका मुलाकडे नागपूरला जाऊन बसलेत.