लेकीची मजुरी

धसईच्या नवसूची नजर गेली, तेव्हा त्याने मुरबाडच्या कचेरीत कुलमुखत्यारपत्र केलं ते लेकीच्या नावाने. मुलगा जयराम कल्याणला वखारीत. त्याला गावाकडे फिरकायला सवड नव्हती. शकू विधवा होऊन माहेरी आलेली. शेतसारा भरणं, कुळांकडून खंड आणणं, बांधाच्या तंट्यात उभं राहणं, बापाच्या वतीने सगळं तिच्याच अंगावर पडलं.

काम ती करी, पण जीव थाऱ्यावर नसे. ताटावरून अर्ध्यात उठे आणि निजलेल्या बापाचा श्वास चालतोय ना ते बघून येई. कचेरीतल्या एका कारकुनाने तिला सहज सांगितलं होतं, "बाई, म्हातारा गेला की हा कागद रद्दी. जमीन भावाची."

एकदा भात पाखडता पाखडता ती बोलून गेली, "बा, माझ्या कामाची मजुरी द्या."

दोर वळणारा नवसूचा हात थांबला. "लेक बापाकडं मजुरी मागते? हितं जेवतेस ना गो?"

"जेवतो तर बैल बी. तुमच्या मागं दादा मला ठेवील का हाकलील, सांगाल?"

नवसू पुन्हा दोर वळू लागला.

दिवाळीला आलेल्या जयरामच्या कानावर हे गेलं. "शके, लोक थुंकतील आपल्यावर!"

"मग तू सांभाळ. आजच कागद तुझ्या नावे फिरवू."

जयराम कल्याणला न्यायची पिशवी भरू लागला. तेव्हा नवसू म्हणाला, "गाडी जुंपा. मुरबाडला जायचंय."

नव्या कागदात लिहिलं गेलं : शकू कारभार पाहील तोवर ओढ्याकडच्या खाचराचं पीक तिचा मेहनताना. पहिल्या भाताच्या पैशातून तिने म्हैस घेतली. पाणवठ्यावर बाया म्हणाल्या, "बापाला भाड्यानं सांभाळते." शकूने पाण्याला जायची वेळ बदलली, खाचर सोडलं नाही.

बेचाळीसच्या आषाढात नवसू गेला. तेराव्यानंतर जयराम म्हणाला, "कुळं तूच बघ आता."

"आधी माझं काय ते ठरव."

तो तणतणला, पण निघण्याआधी चार माणसांदेखत तेच खाचर त्याने कबूल केलं. मोटार नजरेआड झाली तरी शकू सडकेवर उभीच. तोंडच्या शब्दावर तिला घरी बसवेना. दुसऱ्या सकाळी म्हशीची धार काढून ती मुरबाडची वाट चालू लागली, भावाकडून कागद कसा करून घ्यायचा ते विचारायला.