सिस्टरांचा हौद

सिस्टर पंपाच्या पाइपावर दोन बोटं ठेवायच्या, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरायच्या आणि अर्धं मिनिट कुणाशी बोलायच्या नाहीत. मग म्हणायच्या, "नाडी ठीक हाय."

पंपाला कसली आलीय नाडी, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. श्रीरामपुरात वीस वर्षं नळजोडणीची कामं करतोय, पंप कसा चाललाय ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. पण दोनदा असं झालं, की मी "झकास चाललाय" म्हणालो आणि सिस्टर म्हणाल्या, "मंद पडलीय. जाळीत काहीतरी अडकलंय." दोन्ही वेळा जाळीत कडुनिंबाच्या पानांचा लगदा निघाला. तेव्हापासून या विषयावर मी तोंड उघडलं नाही.

त्या चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. आमच्या भागातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यात मीही. त्यामुळे मला पहिल्यापासून अरे-तुरे. "तुझं पहिलं रडणं मी ऐकलंय, मला आवाज चढवून दाखवू नको," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. अम्मी समोर असली तर हमखास, आणि अम्मी तोंडाला पदर लावून हसायची.

रिटायर झाल्यावर त्यांनी अंगणात हौद बांधून घेतला. आठ फूट बाय सहा फूट, त्यात कमळं आणि लाल-पांढरे मासे. पाणी स्वच्छ राहावं म्हणून हौदाच्या काठाशी जमिनीतच एक गाळणी केलेली, म्हणजे खड्ड्यात खाली खडी आणि वर स्पंज. पंप हौदातलं पाणी गाळणीत सोडायचा, आणि गाळलेलं पाणी परत हौदात पडायचं.

पहिल्या वर्षी सिस्टरांनी ही गाळणी वॉर्ड धुतात तशी धुतली. उकळतं पाणी, जंतुनाशक, ब्रश, सगळं! स्पंज नवाकोरा दिसायला लागला आणि तिसऱ्या दिवशी मासे उताणे तरंगायला लागले. मग मासे विकणाऱ्याने सांगितलं, की त्या कळकट स्पंजातच चांगले जंतू राहतात आणि माशांची घाण तेच पचवतात. स्पंज धुवायचा तो हौदातल्याच पाण्यात, हलक्या हाताने, आणि एका वेळी निम्माच. "चाळीस वर्षं जंतू मारले रे, आता पाळत बसलेय," असं सिस्टर हसत सांगायच्या. पण किती मासे मेले ते त्यांच्या कायम लक्षात होतं. सात.

पुढे सिस्टरांचे गुडघे गेले. जमिनीतली गाळणी धुवायची म्हणजे गुडघे टेकून बसायचं आणि ओल्या खडीची जड टोपली वर ओढायची. एका सकाळी त्या अशा बसल्या आणि त्यांना उठताच येईना. दूधवाला येईपर्यंत तासभर तशाच चिखलात. हाक का मारली नाही विचारलं, तर म्हणे, "सकाळी सकाळी लोकांची झोप कशाला मोडायची?" मला असा राग आला होता म्हणून सांगू!

त्यांचा भाचा नाशिकला असतो. माणूस चांगला, मावशीवर जीव. म्हणूनच तो लगोलग आला आणि म्हणाला, "मावशी, हौद बुजवायचा. मुरमाची ट्रॉली सांगतो मी. वर मस्त हिरवळ करू."

सिस्टरांनी त्याला आधी चहा दिला. मग म्हणाल्या, "नाताळपर्यंत थांब. नाताळात तुझ्यासमोर मी एकटी गाळणी धुऊन दाखवते. कुणाचा हात लागणार न्हाई. जमलं न्हाई तर बोलाव तुझी ट्रॉली, मी चकार शब्द काढणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी सरळ सांगितलं, "सिस्टर, कशाला हा खटाटोप? दर रविवारी येऊन मी धुऊन जाईन. पैसे पण नकोत."

"तू येशील रे. पण मग मी काय करू? खिडकीतून बघत बसू? सकाळी उठल्यावर माझ्यावाचून ज्याचं अडतं, असं आता एवढंच उरलंय. ते पण तुला देऊन टाकू व्हय?"

मी थैलीतून टेप काढली.

ठरलं असं, की जमिनीतली गाळणी बंद करायची आणि निळं प्लास्टिकचं पिंप निम्मं कापून विटांच्या ओट्यावर ठेवायचं. सिस्टर म्हणाल्या होत्या, ओटा कंबरेइतका कर. मी केला. दोन दिवस पाणी मारलं, ओटा पक्का झाला. सिस्टर आल्या, पिंपात हात घालून बघितला. हात खांद्याच्याही वर गेला.

"फोड."

"सिस्टर, सिमेंट वाळलंय! कंबरेइतका सांगितलात, कंबरेइतका केला."

"कुणाच्या कंबरेइतका?"

आता मी सहा फूट आणि सिस्टर जेमतेम पावणेपाच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या वेळी डोकंच फिरलं. "दुसरा मिस्त्री बघा," म्हणून तरातरा निघालो. कोपऱ्यावर चहा प्यालो, चहावाल्याकडे सिस्टरांच्या यथेच्छ कागाळ्या केल्या आणि मग आठवलं, की हत्यारं तिथंच राहिली. गेलो परत, मुकाट्याने. सिस्टर हाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि माझी टेप त्यांच्या मांडीवर होती.

"आलास? आता माप घे. मी बसलेय अशी. हात न ताणता जिथं पोचतो, तिथवर. उद्या उभं राहता आलं न्हाई, तरी चाललं पाहिजे."

मग सगळंच खुर्चीच्या मापाने झालं. ओटा दीड फुटाचा. पिंपाच्या बुडाला एक व्हॉल्व्ह, तो फिरवला की तळाचा काळा गाळ आपोआप केळीच्या बुंध्याशी जाणार. पंपाला दोरी, बसल्या जागेवरून ओढायला. मी बसवलेला व्हॉल्व्ह सिस्टरांना फिरेना. सांध्यांना सूज. "हा तू तुझ्या मनगटासाठी बसवलायस. माझ्या मनगटासाठी बसव," म्हणाल्या. मी दांड्यावर हातभर पाइप चढवला, आता नुसता रेटला तरी फिरणार.

खडीचं काय करावं ते मात्र मला सुचेना. ते त्यांनीच सोडवलं. बाजारातून कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या आणल्या, कापून वीतभर पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीत किलोभर खडी भरली. "एका हातावर तीन तीन किलोची पोरं उचललीत मी. आता एक किलो. पण उचलीन मीच."

नाताळात भाचा आला. पायरीवर करंज्यांचं ताट घेऊन बसला. खिशात ट्रॉलीवाल्याचा नंबर होता, ते त्याने मला आधीच सांगितलं होतं. घड्याळ माझ्याकडे. सिस्टर खुर्चीत बसल्या, पंप बंद केला आणि व्हॉल्व्हचा दांडा रेटला. हलेना. दोन महिने रोज फिरणारा व्हॉल्व्ह नेमका त्या दिवशी अडकला! मी नकळत पुढं झालो.

"मागं हो," सिस्टर म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

दोन्ही हात दांड्यावर ठेवले, पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. भाच्याच्या हातातली करंजी तशीच. एकदम कर्र आवाज झाला आणि काळा गाळ भसाभसा केळीकडे धावला. मग पिशव्या एक एक करून बादलीत खळबळून परत पिंपात, स्पंजाचा डावा अर्धा हौदाच्याच पाण्यात पिळला, पंप ओढून जाळी पुसली, पुन्हा सोडून बटण दाबलं. शेवटी पाइपावर दोन बोटं.

"नाडी ठीक हाय. किती झाली रे?"

"चौदा मिनिटं."

भाचा उठला, ताट मावशीपुढे धरलं आणि म्हणाला, "मावशी, घे." ट्रॉलीचं नाव त्या दिवशी निघालं नाही, नंतरही कधी निघालं नाही.

पुढची तीन वर्षं सिस्टरांनी गाळणी स्वतः धुतली. वहीत दर वेळची नोंद: तारीख, स्पंज डावा की उजवा, मासे किती, नाडी, सही.

यंदा उन्हाळ्यात त्यांना दम लागायला लागला. भाचा गाडी घेऊन आला, नाशिकच्या दवाखान्यात न्यायला. सिस्टर गाडीत बसेनात. मला बोलावून घेतलं. "चार्ज दिल्याशिवाय नर्स वॉर्ड सोडत न्हाई," म्हणाल्या. धापा टाकत मला हौदाभोवती फिरवलं. एकोणीस मासे माझ्याकडून मोजून घेतले. कुठल्या कमळाला खत घातलं, स्पंजाची कुठली बाजू धुवायची, सगळं सांगितलं. मग वही पुढे केली. "चार्ज दिला", खाली त्यांची सही. "चार्ज घेतला", खाली माझी.

"परत आले, की माझा चार्ज मी घेणार. तोवर सांभाळ."

त्या परत आल्या त्या शववाहिकेतून, आणि आम्ही त्यांना इथल्या दफनभूमीत माती दिली. भाच्याने डोळे पुसत मला विचारलं, "हौदाचं काय करू हो?" मी त्याला वही दाखवली. त्याने माझी सही बघितली आणि फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

पहिल्या रविवारी मी आपला नेहमीसारखा उभ्याने वाकून धुवायला गेलो आणि पाठ धरली. दुसऱ्या रविवारी निमूटपणे सिस्टरांची खुर्ची ओढली. बसलो, आणि व्हॉल्व्ह, पिशव्या, दोरी, बटण सगळं हाताशी आलं. फार आठवण आली हो. पाइपावर दोन बोटं ठेवली, अर्धं मिनिट गप्प राहिलो.

वहीत लिहिलं: उजवी बाजू, मासे एकोणीस, नाडी ठीक. खाली माझी सही केली. शेजारी "चार्ज परत घेतला" असं लिहून खाली सिस्टरांच्या सहीची जागा कोरी सोडली.