लख्ख पुसलेली काच

देविका शेडगेचं वाटोळं तिच्या नीटनेटकेपणामुळे झालं, असं विभागात सगळे म्हणतात. मी नाही म्हणत. तिचं वाटोळं निरंजन टिळेकर नावाच्या माणसाने केलं आणि शेवटचा हात तिच्या बापाने लावला.

मी तिच्या प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत क्ष-किरण यंत्र सांभाळते. लखनऊच्या या संशोधन संस्थेत मराठी बोलणारे आम्ही तिघंच. मी, देविका आणि तिचे गाइड टिळेकर सर. देविकाचे वडील, सुभेदार हरिहर शेडगे, इथल्या लष्करी छावणीतून निवृत्त झाले आणि तेलीबागेत घर बांधून राहिले. "सर आपले आहेत," एवढ्याच भरवशावर त्यांनी मुलीला इथे पीएचडीला घातलं. आपले सर इतरांशी हिंदीत गोड बोलत आणि मराठी राखून ठेवत ती देविकाला झापायला. "डोकं घरी ठेवून येतेस का गं?" हे बाकीच्यांना कळत नसे, एवढीच काय ती माया.

देविकाचं काम ऑक्साइडची पातळ फिल्म वाढवायचं. हवा काढून घेतलेल्या स्टीलच्या डब्यात भट्टीत भाजलेली एक चकती फिरत असते. बाहेरून लेसरचे ठोके एका काचेतून आत जाऊन तिच्यावर पडतात, जांभळी ज्वाळा उठते आणि समोरच्या तापलेल्या स्फटिकावर थर बसत जातो. केसाच्या हजाराव्या भागाएवढा. तिची एक फिल्म इतकी सुरेख वीज वाहून न्यायची की सरांनी त्यावर मोठ्या नियतकालिकात पेपर छापला आणि वर्षभर शाली पांघरल्या. मग परदेशातून तक्रार आली. तुमचेच आकडे वापरले, फिल्म होत नाही. संस्थेने समिती नेमली. समिती म्हणाली, आमच्यासमोर करून दाखवा. फिल्म आली तर देविकाची पदवी, नाही तर ती खोटारडी.

आदल्या दिवशी या मुलीने काय करावं? पाहुणे येणार म्हणून डबा उघडून घासून काढला. लेसरच्या काचेवर आतून बसलेला तपकिरी थरसुद्धा पॉलिश लावून लख्ख पुसला. दुसऱ्या दिवशी तीच चकती, लेसरला पेपरमधलाच आकडा, आणि फिल्म काही केल्या वीज वाहीना. सर समितीला शांतपणे म्हणाले, "डेटा तो इसी ने लिया था. हमने भरोसा किया."

देविका रडत बसली नाही. तिने विचार केला. लेसरची ताकद आम्ही काचेच्या बाहेर मोजतो. मळकी काच त्यातली बरीच खात होती, म्हणजे चकतीवर पडत होता तो मार पेपरमधल्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी. तिने लेसरची ताकद तेवढी उतरवली आणि फिल्म जशीच्या तशी आली. मी स्वतः मोजली. मला इतका आनंद झाला की तिला ओढतच सरांकडे नेलं.

सरांनी आलेख पाहिला. पहिल्या नजरेत कळलं त्यांना, मी समोर उभी होते.

"म्हणजे पेपरमधला आकडा चुकीचा," ते म्हणाले.

"हो सर. पण चूक झाली, खोटेपणा नाही. तेवढं समितीला सांगा."

"चूक असेल तर ती माझी होते. खोटेपणा असेल तर तुझा."

"सर, फिल्म मी मोजलीय," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही मोजत राहा."

"मग मीच सांगते समितीला," देविका म्हणाली. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन सुभेदारांना लावला.

सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून तासाभरात हजर. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "साहेब, पोरीची जात. मोहापायी आकडे फिरवले. माफी मागितली तर सांभाळून घेईन."

देविकाने डबी पुढे केली. "बाबा, फिल्म आलीय. ही बघा."

सुभेदारांनी बघितलं नाही. "सर कशाला खोटं बोलतील?"

"आणि मी?"

"पाया पड त्यांच्या."

मी बोलायला गेले तर सुभेदारांनी मला हाताने थांबवलं, घरातलं आहे म्हणून. सरांनी दार उघडून दुसऱ्या विद्यार्थ्याला, आर्यनला, आत बोलावलं. देविका वाकली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, पोरी." मग आर्यनकडे वळून म्हणाले, "देखा ना तुमने? माफी माँग ली."

दुसऱ्या दिवशी मी मोजमापं घेऊन समितीकडे गेले. अध्यक्षांनी कागद उघडलेही नाहीत. "मैडम, लड़की ने बाप के सामने मान लिया. अब आप क्यों पड़ रही हैं?" आठवड्याभरात देविकाचं नाव पटावरून कमी झालं.

आता ती वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या एका क्लासमध्ये दहावीचं विज्ञान शिकवते. परवा भाजीबाजारात बापलेक भेटले. सुभेदार मला समजावत होते, सरांनी मोठ्या मनाने पोलिसात दिलं नाही, नाहीतर पोरीचं लग्नसुद्धा जमलं नसतं. देविका पिशवी धरून शेजारी उभी होती. "हो ना गं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हो बाबा."