चांदबीभाभींचा ध्रुव

घड्याळजी खाजाभाई दर अमावास्येला दिवेलागणीनंतर देगलूरातल्या आपल्या गच्चीवर दुर्बीण मांडायचे. मी शेजारचा मास्तर, मदतीला. दुर्बिणीचा स्टँड आधी ध्रुवताऱ्याच्या रोखानं लावला नाही, तर तारे भिंगातून निसटत राहतात. पण शुगरनं भाईंची नजर अधू झालेली. ध्रुव हेरायच्या त्यांच्या बायको, चांदबीभाभी. "हाव, दिसला," असं त्या म्हणाल्या की भाई स्क्रू आवळायचे.

भाभी काविळीनं गेल्या. चाळिसावा झाला तरी दुर्बीण कापडात गुंडाळलेलीच. शेवटी एका अमावास्येच्या रात्री मीच चिडलो, "भाई, किती दिवस कुढत बसणार? काढा ती!"

भाईंनी ती काढली आणि थेट घरामागच्या कब्रस्तानात नेली. भाभींच्या कबरीच्या कडेवरून हात फिरवत त्यांनी स्टँड तिच्या रेषेत बसवला.

"आमच्यात मयताचं डोकं उत्तरेलाच असतं, मास्तर. ती चुकायची न्हाई. बघा, दिसला?"

घाईत खणलेली ती कबर तिरकी होती, हे मी दफनाच्या दिवशीच पाहिलं होतं. मी भिंगाला डोळा लावला. आत नुसता काळोख.

"हाव," मी म्हणालो, "दिसला."

भाईंनी स्क्रू आवळला.