परिपाठाचा माईक

"हे शाळा हाय का तांडा? ऑं? मॅडम, तुम्हालेच इचारून राह्यलो मी!"

भाऊसाहेब गाडीतून अर्धेच उतरले होते. एक पाय गाडीत, एक मैदानात, आणि आवाज पैनगंगेच्या पल्याड. लिंबावरचे बगळे उडाले ते, माझ्या अंदाजानं, अजून उडतच असतील. परिपाठाला उभ्या अख्ख्या शाळेची प्रार्थना मध्येच तुटली.

मी फाटकाजवळच्या स्टोअररूमच्या पायरीवर बसले होते. शेजारी शीतल, नववीतली. आम्ही आमच्या बोलीत बोलत होतो. गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या. एवढाच गुन्हा.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांच्या वडिलांच्या नावाची, जागा त्यांच्या काकाची, मुख्याध्यापक त्यांच्या मुठीतले.

"तिकडं इंग्रजी शाळेची गाडी दारातून पोरं उचलून राह्यली, अन् तुम्ही इथं तांडा भरवता? या इकडं. माईक घ्या. म्हणा, मी शाळेत तांड्याची बोली बोलणार नाही."

त्याच माईकवर पोरांनी आत्ताच प्रतिज्ञा म्हटली होती. सारे भारतीय माझे बांधव आहेत. माईक अजून त्यांच्या वाफेनं ओला होता. मी तो धरला. आणि म्हटलं. मी, एमएस्सी बीएड, आमच्या तांड्यातली पहिली. म्हटलं.

"ऐकू नाही आलं," भाऊसाहेब म्हणाले.

पुन्हा म्हटलं. एरवी तो कर्णा राष्ट्रगीताला खरखरतो, त्या दिवशी मात्र स्वच्छ वाजला. मी माझी बोली सोडल्याची बातमी माझ्याआधी तांड्यात पोचली. माझी याडी, म्हणजे आई, वावरात कापूस वेचत होती. तिनं वेचता वेचता ऐकलं. घरी आल्यावर तिनं भाकर वाढली फक्त.

पोरं हसली होती. तांड्यातली पोरं जास्त हसली, आपण त्यातले नाही हे दाखवायला. शीतल हसली नाही. तिनं नुसतं तोंड मिटलं.

आता हे तोंड मिटणं काय, ते सांगायला पाहिजे. आमच्या शाळेत मास्तर येतात ते उन्हाळ्यातल्या ढगासारखे. दिसतात, गडगडतात आणि पुसदकडे निघून जातात. विज्ञानाचे एक सर सकाळच्या एसटीनं आले, मैदान पाहिलं, दुपारच्या एसटीनं गेले. त्यांचा डबा स्टाफरूममध्ये राहिला. तो आम्ही उघडत नाही. आत जे काही उगवलं असेल तेच आमचं विज्ञान. उरले ते सगळे तास माझ्या गळ्यात. मी गणिताची, तासिका तत्त्वावरची, म्हणजे तास घेतला तर बाई, नाही घेतला तर कोणीच नाही. पण भूगोल मी, विज्ञान मी, पोरींची पीटी मी. इतका खडू खाल्ला की मी खोकलले तर भिंतीवर पाढे उमटतील. घरी गेल्यावर चप्पल काढायचंही त्राण नसायचं. पाय लांब करून उंबऱ्यातच बसायचे.

अशा शाळेत पोरांच्या मनाकडं कोण बघणार? शीतलचे मायबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. या साली तिच्या मोठ्या बहिणीची दहावी मध्येच सोडवून तिलाही नेलं. तेव्हापासून ही बोलायची बंद झाली. डबा तसाच परत न्यायची. फळ्याकडं बघायची, पण फळ्याच्या आरपार. एक सर म्हणाले, "नाटकं करून राह्यली." दुसरे सर असते तर तेही काही म्हणाले असते, पण दुसरे सर नव्हतेच.

त्या सकाळी ती रांगेत उभी राहीना. मी तिला पायरीवर घेऊन बसले आणि आमच्या बोलीत विचारलं, "कांयी वेगो, छोरी?" काय झालं, पोरी? ती कितीतरी वेळानं बोलली, आमच्याच बोलीत. म्हणाली, "बाई, मला आजकाल असं वाटतं की..."

तेवढ्यात गाडी आली.

ते वाक्य अर्धं राहिलं. पुढं काय होतं, मला आजही माहीत नाही. त्या अर्ध्या वाक्यापायी माझी झोप गेली. नंतर मी तिला मराठीत विचारलं, हळूच कानात आमच्या बोलीत विचारलं. ती मान हलवायची. बस.

मग तपासणी लागली. प्रत्येक शाळेत समुपदेशक आहे का, पोरांच्या मनाचं कोण बघतं, हे पाहायला वरून साहेब येणार. आमच्याकडं तपासणीला मास्तर उसने आणतात, लग्नाला भांडी आणावी तसे. पण समुपदेशक उसनाही मिळेना. तेव्हा स्टोअररूममधल्या फुटक्या चेंडूंना बाहेर काढलं, भिंतीला गुलाबी रंग दिला, दारावर पाटी ठोकली: समुपदेशन कक्ष. आणि भाऊसाहेबांनी मला बोलावलं. गोड हसले. त्यांचं हसू म्हणजे साखर कारखान्याचा भोंगाच, आधी दचकायला होतं.

"मॅडम, त्या दिवशी समुपदेशक तुम्हीच. ते मुकी पोरगी घेऊन बसा समोर. अन् तुमच्या बोलीतच बोला बरं का. साहेबाले मातृबोलीचं लय कौतुक आहे."

मी हजेरीपट उचलून तासाला गेले. खरं सांगते, बोलायलाही थकले होते.

तपासणीच्या दिवशी साहेब आले. गुलाबी खोलीत मी आणि समोर शीतल, केसाला नवी रिबीन. दारात मुख्याध्यापक, उसने आणलेले सर, भाऊसाहेब.

"आमच्या समुपदेशक मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "लेकरांशी त्यांच्याच बोलीत बोलतात."

"अरे वा. बोला की, आम्हीही ऐकतो," साहेब म्हणाले.

मी शीतलकडं पाहिलं. तिचे हात मांडीखाली दाबलेले. तिला कळलं होतं, आपल्याला मांडून ठेवलंय. प्रदर्शनातल्या भोपळ्यासारखं.

मी तिला म्हटलं, "ऊठ. वर्गात जा." ती गेली. मग मी उभी राहिले.

"साहेब, मी समुपदेशक नाही. या शाळेत समुपदेशक नाही. मी तासिकेवरची गणिताची बाई. आणि तांड्याची बोली मी इथं बोलू शकत नाही. भाऊसाहेबांनी माईकवर कबूल करून घेतलंय, सगळ्या शाळेपुढं. त्यांनी ते त्याच माईकवर मागं घ्यावं. मग बोलते."

साहेबांनी चष्मा पुसला. मग कोणीतरी म्हणालं, जेवण तयार आहे. साहेब जेवायला गेले. वांग्याची भाजी झकास झाली होती म्हणतात.

संध्याकाळी मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, उद्यापासून येऊ नका." तासिकावाल्याला काढायला एवढं पुरतं.

रविवारी शीतल आमच्या दारात आली. याडीनं तिला पाणी दिलं. मी विचारलं, आमच्याच बोलीत, आमच्याच अंगणात, "त्या दिवशी काय सांगत होतीस?"

ती मराठीत म्हणाली, "काही नाही, मॅडम. बरं आहे."

मॅडम. तांड्यात मला मॅडम कोणी म्हणत नाही. तेव्हा कळलं, कर्ण्यातून काय काय गेलं ते. माझी नोकरी गेली म्हणून ते परत येणार नाही. शीतलला अंगणात कुरवाळूनही येणार नाही. भाऊसाहेबांनी ज्या तोंडानं ते घालवलं, त्या तोंडानंच, त्याच रांगांसमोर ते परत द्यायला पाहिजे. त्याशिवाय मी त्या फाटकातून आत पाय टाकणार नाही.

महिनाभरानं मुख्याध्यापकांचा फोन आला.

"मॅडम, दहावीचं गणित बंद पडलं हो. तुमच्या जागी आलेले सर आठवडाभरात पळाले. भाऊसाहेब म्हणतात, झालं गेलं सोडा. सोमवारपासून या."

"परिपाठाला माईक लावून ठेवा."

"माईक? कोणासाठी?"

"भाऊसाहेबांसाठी."