काकांचा उजवा हात

आमच्या गल्लीत देवाशी सर्वांत जास्त बोलणारी बाई म्हणजे इस्त्रीकाकी. प्रार्थना तर सगळेच करतात, निदान रविवारी. काकीचं तसं नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलावं तशी ती देवाशी बोलायची, आणि तेही मोठ्याने. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिच्या लॉन्ड्रीच्या अगदी समोर, त्यामुळे या संभाषणातली तिची बाजू मला जन्मभर ऐकायला मिळाली. देवाची बाजू तिलाच ऐकू यायची.

पद्धत ठरलेली. इस्त्री तापली की बोटं ओली करून तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि ते चुर्रऽ वाजेपर्यंत विचारून घ्यायचं. "भाचीला स्थळं दोन आलीत. बँकवाला की मास्तर?" चुर्र. "मास्तर? बरं बाबा, तू म्हणतोस तर." देवाला ती नेहमी दोनच पर्याय द्यायची. मी एकदा विचारलं, "काकी, त्याला तिसरंच काही सुचवायचं असलं तर?" तर म्हणाली, "तू घड्याळाच्या पोटात बघ. माझ्या देवाच्या पोटात शिरू नकोस."

चर्चचे सगळे कपडे तिच्याकडे यायचे. वेदीवरची पांढरी वस्त्रं, पाद्र्यांचे झगे, चर्चमध्ये गाणाऱ्या कॉयरच्या पोरींच्या कॉलरी. त्या कपड्यांवर तिचा हात फिरताना बघितलं की वाटावं, बाई बाळाला तेल लावतेय. आणि या भक्त बाईच्या पदरात देवाने नवरा कोण टाकला? आमचे काका. बस ड्रायव्हर. जुन्या काळच्या कुठल्याशा फादरने, चर्चच्या फाटकासमोर बस उभी केली म्हणून, भर प्रवचनात त्यांना झापलं होतं. काकांनी त्या दिवसापासून चर्चची पायरी सोडली. दर रविवारी बायकोला फाटकापर्यंत पोचवायचे आणि माझ्या दुकानात येऊन चहा पीत पाद्र्यांची उणीदुणी काढायचे. वर्षानुवर्षं. काकीने देवाकडे मागितलं असेल ते एवढंच, की हा माणूस मरायच्या आधी परत येऊ दे.

तर काका आजारी पडले. छातीचं दुखणं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी एका दुपारी काकीला बाजूला घेऊन सांगितलं, आता ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या. काकी वॉर्डात जाऊन म्हणाली, "अहो, फादरांना बोलावू का?" आणि काका, ज्यांनी आयुष्यभर नन्ना केला, ते डोळे मिटून म्हणाले, "बोलाव."

आता बोलवायचं कुणाला? फादर दोन. मोठे फादर म्हणजे काय विचारता! उंच, देखणे, आवाज असा की मागच्या बाकावरचा डुलकी घेणारा माणूस (नाव सांगत नाही, तो मीच) दचकून उठावा. आणि छोटे फादर अडखळत बोलायचे. शब्द अडला की बिचारे वाक्याच्या सुरुवातीला परत जायचे आणि पुन्हा निघायचे. रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, त्यांची असली की बायका म्हणायच्या, घरी दूध मंद आचेवर ठेवून या. काकीने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून देवाला विचारलं. इस्त्री नव्हती, म्हणून नळाखाली बोटं धरून विचारलं, "मोठे की छोटे?" आणि आतून उत्तर आलं, मोठे. मला नंतर सांगताना म्हणाली, "छोट्या फादरांचं वाक्य पुरं होईपर्यंत आमचे हे वर पोचले असते."

मोठे फादर आले. काकांनी पापांची कबुली दिली. फादरांनी अखेरचं पवित्र तेल कपाळावर लावलं, डाव्या तळव्यावर लावलं. मग म्हणाले, "उजवा हात." काकी त्यांच्या पाठीमागे उभी होती. पाठ रुंद, पलीकडचं काही दिसत नव्हतं. क्षणभर थांबून फादर म्हणाले, "बरं, राहू दे," आणि त्या आवाजात पुढची प्रार्थना सुरू केली. त्या संध्याकाळी काकी फादरांना फाटकापर्यंत पोचवायला गेली, तेवढ्यात काका गेले. तोंडावर असा निवांतपणा, की डेपोत बस लावून घरी निघालेत.

उजवा तळवा कोरडा राहिला ही रुखरुख काकीला होती. पण बाकी तिचा आनंद काय वर्णावा! दर वर्षी काकांच्या स्मरणदिनी ती उपकारस्तुतीची मिस्सा लावायची. आमच्याकडे मिस्सेच्या सुरुवातीला वाचून दाखवतात, आजची मिस्सा कुणासाठी, कुणी कशाबद्दल देवाचे आभार मानलेत. काकीचं वाक्य ठरलेलं: "माझ्या पतीला परत आणल्याबद्दल, आणि मोठ्या फादरांना पाठवल्याबद्दल." ते वाक्य वाचलं की मोठे फादर वेदीवर मान जराशी झुकवायचे. झुकवायचेही छान.

आणि मग कंपाउंडरची मुलगी बोलली.

कंपाउंडर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले. त्यांची मुलगी हॉस्पिटलात नर्स. ती पोलिसांत गेली आणि सांगितलं, की लहानपणी ती कॉयरमध्ये असताना, तालमीनंतर तिला एकटीला थांबवून घेऊन मोठे फादर तिच्याशी नको तसे वागत. पाठोपाठ आणखी दोघी पुढे आल्या. आणि मग सगळ्यांत वाईट गोष्ट कळली. आधीच्या गावातही हेच झालं होतं, फादरांच्या वरचे जे बिशप, त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी गाजावाजा नको म्हणून फादरांची गुपचूप बदली केली होती. आमच्याकडे.

मोठ्या फादरांना नेलं. खटला उभा राहिला, पुढे शिक्षाही झाली. पण गल्लीची लाज कशी बघा. निम्म्या लोकांनी तोंड फिरवलं ते फादरांकडून नव्हे, पोरीकडून. "इतकी वर्षं गप्प का होती?" हे विचारणाऱ्यांनी ती बोलल्यावर तरी कुठे ऐकून घेतलं? कंपाउंडर पुढच्या बाकावरचे मानकरी. ते उठून मागे, माझ्या शेजारी येऊन बसायला लागले.

उरलेल्या निम्म्यांना वेगळीच काळजी. मोठ्या फादरांनी लावलेली लग्नं खरी की खोटी? बेकरीवाला माझ्या दुकानात येऊन हळूच म्हणाला, "म्हणजे बघ, माझं लग्नच झालेलं नाही!" चेहऱ्यावर अशी आशा, की मला दया आली. त्याची बायको मागेच उभी होती. "असं? मग इतकी वर्षं मी कुणाचे मोजे धुतले? आज घरी ये, मग ठरवू कोण कुणाचं ते." लग्न जागच्या जागी कायम झालं.

सगळे हसले, काकी नाही. तिचा प्रश्न थट्टेचा नव्हता. तिच्या नवऱ्याची अखेरची कबुली त्या माणसाने ऐकली होती. अखेरचं तेल त्या हाताने लावलं होतं. ते पोचलं नसेल तर काका कुठे आहेत? आणि त्याहून खोल काटा म्हणजे, तिने देवाला विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं. आणि देवाने त्याच माणसाचं नाव घेतलं होतं.

समोरच्या लॉन्ड्रीतून आता नुसतं चुर्र ऐकू यायचं. काकी बोलेनाशी झाली. रविवारी चर्चलाही जाईना. मी डिवचून बघितलं, "काय काकी, वरची लाइन तोडली का?" तिने वर न बघता म्हटलं, "चुकीचा नंबर लागत होता."

शेवटी छोटे फादर आपला झगा घेऊन स्वतः लॉन्ड्रीत आले. काकीने झगा बाजूला ठेवला आणि विचारलं, "आमच्या यांना तेल पोचलं का?"

"ते-ते तेल... ते तेल त्यांचं नव्हतंच, काकी," फादर म्हणाले. "ते तेल त्यांचं नव्हतंच, देवाचं होतं. पोचलं."

"उजवा हात राहिला."

"एक हात पु-पुरे."

"मग देवाने मला त्या माणसाकडे का पाठवलं? तुम्ही सांगता ना, चर्चला पवित्र आत्मा चालवतो? मग बिशपच्या कानात तो काय म्हणाला? बदली कर म्हणाला?"

या वेळी छोटे फादर अडखळले नाहीत. म्हणाले, "आत्मा बोलतो, काकी. ऐकायचंच नाही असं ठरवलं की बिशपसुद्धा बहिरे होतात. पण तुम्हाला का पाठवलं, ते मला माहीत नाही."

काकी मला नंतर म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा एका पाद्र्याच्या तोंडून ‘माहीत नाही’ ऐकलं. इतकं बरं वाटलं, की त्याच्या झग्याला जास्तीची कांजी घातली." त्या रविवारी बिचाऱ्यांना मान वळवता येईना.

पण काटा तसाच होता. तो निघाला एका दुपारी, कंपाउंडरची मुलगी लॉन्ड्रीत आली तेव्हा. गल्लीतून ती खाली मान घालून जायची नाही, उलट टाचा वाजवत जायची. म्हणून तर लोकांना जास्त राग. मी समोरच होतो, डोळ्याला भिंग लावून, दोन्ही कान उघडे ठेवून.

तिने युनिफॉर्म काउंटरवर ठेवला. "काकी, उद्याला हवाय. आणि एक सांगायचं होतं. काका गेले तेव्हा त्या वॉर्डात मी ड्यूटीवर होते."

काकीने इस्त्री उभी केली.

"मोठे फादर आले तेव्हा मी काकांची नाडी बघत होते. त्यांनी मला ओळखलंसुद्धा नाही. मी निघून जाणार होते. पण काकांनी माझा हात धरला, उजव्या हाताने. बोटं अशी आवळली, की गिअरची दांडीच धरलीय. मला म्हणाले, ‘बस ना गं जरा.’ फादर म्हणाले, उजवा हात द्या. काका देईनात. मग ते राहू दे म्हणाले. मी थांबले. शेवटपर्यंत."

काकीचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता ही नाचते. "म्हणजे बघ! म्हणून देवाने त्याला पाठवलं! तुला धीर यावा, तू बोलावंस, म्हणून—"

"काकी." मुलीच्या आवाजाला एकदम धार आली. "मला तुमच्या देवाच्या आखणीत बसवू नका. त्यांना समोर बघून मला धीर नाही आला. मला ओकारी आली. मी काकांसाठी थांबले, कुणाच्या योजनेसाठी नाही."

काकी खालीच बसली. तिथल्या धुवट चादरींच्या ढिगावर. मग म्हणाली, "चुकले गं बाई. तुझं बरोबर आहे. मीच त्याला त्या वॉर्डात आणलं, आणि तुझ्यासमोर उभं केलं."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"नव्हतं. आणि मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. केवढी रुंद पाठ! पलीकडे तू होतीस, आणि मी इतकी वर्षं उपकार मानले त्या पाठीचे." तिने पदराने डोळे पुसले. "मी देवाला विचारलं, मोठे की छोटे. त्याने काय सांगितलं आणि मी काय ऐकलं, त्याचं त्याला ठाऊक. पण माझा नवरा एकटा गेला नाही. तू होतीस. तुझे उपकार मी कुणापुढे मानू?"

"इथेच माना. इथे कोण ऐकतंय?"

"तो घड्याळवाला ऐकतोय," काकी म्हणाली. मी घाईघाईने एका धडधाकट घड्याळाचं झाकण उघडलं.

मग काकीने तिला विचारलं, "मिस्सेत वाचू का?" मुलीने काउंटरवरच्या युनिफॉर्मची घडी सारखी केली. "वाचा. पण बिचारी-बिचारी म्हणू नका."

नेमकं काकांच्या त्या स्मरणदिनी बिशप येणार होते, झाल्या प्रकाराबद्दल चार शब्द बोलायला. चर्चच्या समितीचे सेक्रेटरी काकीने लिहून दिलेलं वाक्य घेऊन धावत लॉन्ड्रीत आले. "काकी, हे वाक्य या वेळी गाळू या. बिशपसमोर हा विषय नको."

"विषय कुठे आहे? उपकार आहेत."

"अहो, पण त्यांना काय वाटेल?"

"त्यांचा झगा मी कडक इस्त्री करून ठेवलाय. त्याबद्दल त्यांना छान वाटेल. वाक्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे."

सेक्रेटरींनी वाचायला साफ नकार दिला. छोटे फादर म्हणाले, "मी वा-वाचतो."

चर्च भरलेलं. काकी कितीतरी महिन्यांनी आलेली, आणि बसली कुठे तर आमच्या मागच्या बाकावर, कंपाउंडरांच्या शेजारी. छोटे फादर उभे राहिले. "आजची मिस्सा बस ड्रायव्हर काकांच्या स्मरणार्थ, आणि त्यांचा हात शेवटपर्यंत न सोडणाऱ्या नर्सबद्दल, आपल्या कं-कं..." अडले. आम्हाला सवय होती, बिशपना नव्हती. फादर सुरुवातीला परत गेले. "आजची मिस्सा बस ड्रायव्हर काकांच्या स्मरणार्थ, आणि त्यांचा हात शेवटपर्यंत न सोडणाऱ्या नर्सबद्दल, आपल्या कं-कंपा..." पुन्हा परत. कुणी खोकलंसुद्धा नाही. तिसऱ्या खेपेला वाक्य सरळ बाहेर आलं: "...आपल्या कंपाउंडरांच्या मुलीबद्दल, देवाचे उपकार मानण्यासाठी."

मोठ्या फादरांच्या आवाजात हे वाक्य एकदाच वाचून संपलं असतं. आम्हाला ते तीनदा ऐकावं लागलं, बिशपनाही. पहिल्या वेळी कंपाउंडर खाली बघत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली. तिसऱ्या वेळी रुमाल काढून त्यांनी असं काही नाक शिंकरलं, की कॉयरला वाटलं सूर दिला. आणि कॉयरने खरंच गाणं सुरू केलं.

बिशप चार शब्द बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातातला कागद हातातच राहिला. "मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिलो," एवढं म्हणून ते खाली बसले. त्यांना पुढे चौकशीत सगळं सांगावं लागलं ते लागलंच. इस्त्री केलेल्या झग्याने काही ते टळलं नाही. पण त्या दिवशी परतताना बेकरीवाल्याची बायको कंपाउंडरांपाशी थांबली आणि म्हणाली, "पोरीला घरी जेवायला पाठवा." गल्लीत सुरुवात अशीच होते.

काकी आता पुन्हा बोलते. परवा समोरून ऐकू आलं. पाणी शिंपडलं, चुर्र वाजलं, आणि मी कान टवकारून दोन पर्यायांची वाट बघत बसलो. पर्याय आलेच नाहीत. ती म्हणाली, "देवा, आज कोण कोण आहे ते दिसू दे. मला पाठीच दिसतात." मग खिडकीतून माझ्याकडे बोट करून, "त्याचं सोड, तो मला रोजच दिसतो."

तेवढ्यात टाचा वाजल्या. युनिफॉर्म आला.