भिंतीवरच्या अकरा चमका

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात माझी ड्युटी नांदूरघाटच्या पुढच्या तलावावर लागली. मी महिला होमगार्ड. शिक्षण चौथी. तलावात उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं होतं. शेतीसाठी पाणी उपसणाऱ्या सहकारी संस्थेच्या मोटारींना सील होतं. ते सील सांभाळायचं आणि टँकरवर बायकांची भांडणं आवरायची, एवढं काम. तंबू तलावाच्या कोरड्या पोटात होता. पूर्वेला तलावाची मातीची उंच भिंत, तिच्या दूरच्या टोकाला मोटारी.

सेक्शन लीडर देवराव सर फौजेतून सिग्नलचे हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दिवस मावळला की ते आभाळातले चमकते उपग्रह बघत. निकामी उपग्रह कोलांट्या खात जातो. त्याच्या पत्र्यावर ऊन पडलं की चमकतो, विझतो, पुन्हा चमकतो. दोन चमकांमध्ये किती सेकंद गेले, ते सर वहीत लिहून बीडच्या एका मास्तरांना पाठवत.

"खाली पाणी न्हाई, म्हणून सर वर बघतेत," माझ्या जोडीची रुक्मिण म्हणायची.

"तू नको बघू. तुझी मान खाली घालून तंबाखू मळायला लागती," सर म्हणायचे.

मी लाजरी, गप्प बसणारी. म्हणून मोजायचं काम मला दिलं. एक हजार एक, एक हजार दोन, असं म्हटलं की सेकंद बरोबर पडतो. क्षितिजाजवळ धुळीमुळे चमक पिवळी दिसते. पूर्वेला खाली एकदम विझला, तर तो पृथ्वीच्या सावलीत गेला. मोजताना मधे उठायचं नाही, उठलं की नोंद गेली. हे सगळं त्यांनीच शिकवलं.

त्या दिवशी रुक्मिण भाकरी आणायला गावात गेली होती. साडेसातला सर टॉर्च घेऊन भिंतीवरून मोटारींकडे निघाले.

"आठच्या आत येतो. वायरलेसजवळ बस. वर काही दिसलं तर लिहून ठेव."

"हो, सर."

सात पन्नासला भिंतीच्या वर, दूरच्या टोकाला, पिवळी चमक दिसली. विझली. पाच सेकंदांनी पुन्हा. हळूहळू माझ्याकडे सरकत होती. मी वही घेतली आणि मोजायला बसले. अकरा चमका, अंतर सारखं पाच सेकंद. मग दिसेना. मी लिहिलं, सावलीत गेला. नोंद चांगली झाली, सर खूश होतील, असं वाटलं.

आठ वाजता वायरलेस बोलला.

"तलाव पोस्ट, रिपोर्ट द्या. ओव्हर."

"सेक्शन लीडर राउंडला गेलेत. आले न्हाईत. ओव्हर."

"जाऊन बघा. ओव्हर."

भिंतीवर चढले तेव्हा त्या चमका कसल्या होत्या ते कळलं. सर दगडांवर कुशीवर पडले होते. अंगठा टॉर्चच्या बटणावर होता. मी हाक मारली, छाती दाबली. टँकरच्या ड्रायव्हरने त्यांना केजला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका.

कंपनी कमांडरांनी विचारलं, "मदतीसाठी टॉर्चचा इशारा दिसला का?"

"न्हाई," मी म्हणाले. तेच जबाबात लिहिलं गेलं.

दहाव्याला मी सरांच्या घरी गेले. मला राहवेना. त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

"टॉर्च किती बारी लावली म्हणलीस?"

"अकरा."

"लोकं म्हणले, पडले न् लगीच गेले. काही कळलं न्हाई त्यांला." त्यांनी पदराचा काठ दाबला. "मंजी कळत व्हतं."

मी पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सांगून मी माझं ओझं त्यांच्यावर टाकलं की काय, ते आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी कमांडरांकडे जाऊन जबाब बदलून घेतला. त्यांनी विचारलं, "आता कावून?" मी म्हणाले, "सरांनी ड्युटी बरोबर केली, एवढं तरी कागदावर पाहिजे."

नव्या जबाबात मी सांगितलं ते असं: सेक्शन लीडर देवराव, राहणार नांदूरघाट. तलावावर ड्युटीवर असताना गेले. चालवत नव्हतं तरी पोस्टकडे येत होते, आणि शेवटपर्यंत पाच-पाच सेकंदांनी इशारा देत होते.